घोड्याला ब्रेक नसतो

घोडेस्वारीचा बेत ब्रेकमास्तरांनी आखला नव्हता. तो त्यांच्या तोंडून पडला, आणि तोंडून पडलेली गोष्ट परत तोंडात घालता येत नाही हे लग्न झालेल्या कोणालाही समजावून सांगायला नको. पडला तोही संध्याकाळी, बायको मटार सोलत असताना, म्हणजे तिचे दोन्ही कान मोकळे असताना.

मास्तर मोटार शिकवायचे. उभा जन्म त्यांनी शेजारच्या सीटवर काढला. शिकणाऱ्याच्या पायाखाली एक ब्रेक आणि मास्तरांच्या पायाखाली दुसरा, अशी त्यांची गाडी होती. त्या दुसऱ्या ब्रेकने किती भिंती, किती दूधवाले आणि किती बेसावध कुत्री वाचवली याचा हिशेब नाही. त्यावरूनच त्यांना ब्रेकमास्तर हे नाव पडलं होतं. पण पायाची सवय पायालाच ठाऊक. बसमध्ये बसले तरी वळण आलं की मास्तरांचा उजवा पाय खाली दाबला जायचा. दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीतही दाबला जायचा. बायको नव्या पडद्यांविषयी बोलायला लागली की पलंगावर आडव्या पडलेल्या मास्तरांचं पाऊल पांघरुणाच्या आत खाली जायचं, आणि तिला ते दिसायचं.

मोटार शिकवायची ही शाळा मास्तरांनी त्या वर्षी बंद केली. कारण विचारणाऱ्याला ते सांगत, "हल्ली शिकायचं कोणाला असतं? लायसन्स हवं असतं." या वाक्याला पन्नाशी उलटलेला कोणीही मान डोलावतो, त्यामुळे पुढचा प्रश्न येत नसे. खरं कारण मास्तरांना आणि डोळ्यांच्या डॉक्टरला माहीत होतं. काचबिंदू. उजवा डोळा गेल्यात जमा होता. डावा बरा होता आणि थेंब घालत राहिलं तर बरा राहण्यासारखा होता. "गेलं ते परत येत नाही," डॉक्टर म्हणाले होते, "राहिलंय ते सांभाळू. गाडी मात्र आता नको." मास्तर दवाखान्याचा जिना कठडा धरून उतरले, घरी आले आणि बायकोला म्हणाले, "नंबर वाढलाय थोडा." थेंबांची बाटली त्यांनी दाढीच्या डब्यात लपवली.

मास्तरांना अंधाराची तेवढी भीती वाटत नव्हती. भीती वाटत होती ती एका चित्राची. बायको त्यांचं कोपर धरून त्यांना रस्ता ओलांडून नेते आहे आणि चौकातले त्यांचे जुने विद्यार्थी गाड्या थांबवून बघताहेत, हे चित्र त्यांना जागेपणी दिसायचं, आणि ते मात्र दोन्ही डोळ्यांनी दिसायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून ते गप्प राहिले. मूठ झाकून धरण्यात हात किती दुखतो, हे त्या म्हणीत सांगितलेलं नाही.

आता घोडं अडलं कुठे? तर मास्तरांनी बायकोला फार वर्षांपूर्वी एक वचन दिलं होतं. शाळा बंद झाली की दोघांनी मोटारीने तळ्यांकडे जायचं. जंगलातून रस्ता जातो, एकामागून एक तळी लागतात. मास्तर गाडी चालवतील, ती शेजारी बसून खिडकीतून बघेल. आजवर त्या गाडीत मास्तरांच्या शेजारी लोकांच्या मुलीसुना बसल्या, आणि मास्तरांची बायको बाजारात बसने गेली. तिने तक्रार केली नाही. फक्त शाळा बंद झाल्याबरोबर विचारलं, "मग कधी निघायचं?"

मास्तरांनी आधी टायर पुढे केला. मग बॅटरी. मग हवा खराब आहे म्हणाले. शेवटी बायकोने स्वतः जाऊन मेकॅनिक आणला. जन्मभर मास्तरांच्या गाडीवर पोट भरलेल्या त्या कृतघ्न माणसाने बॉनेट उघडलं, बंद केलं आणि जाहीर केलं, "एक नंबर गाडी आहे! कुठेही जा!"

त्या संध्याकाळी ती मटार सोलत पुन्हा म्हणाली, "मग?"

मास्तर सकाळीच न्हाव्याकडे जाऊन आले होते. तिथे भिंतीवरच्या कॅलेंडरात एक घोडा होता. दुसरं काही सुचेना तेव्हा तो कामी आला.

"मोटारीतून काय बघायचं?" मास्तर म्हणाले. "काचेतून बघणं म्हणजे का बघणं? जंगल बघावं तर घोड्यावरून."

ती हसेल, मग चिडेल, आणि या गडबडीत विषय टळेल, असा त्यांचा अंदाज होता. पण जन्मभर प्रत्येक गोष्टीला 'कशाला?' म्हणणाऱ्या बायकोने हातातली शेंग खाली ठेवली, त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "चालेल."

मोठ्या चुकीला आपल्या भाषेत घोडचूक का म्हणतात, हे मास्तरांना त्या क्षणी नीट कळलं.

बातमी इमारतीत पसरायला जिना पुरला. खालच्या मजल्यावरचे बँकवाले बँकेतून निवृत्त झाले होते, पण सल्ला देण्यातून झाले नव्हते. ते म्हणाले, "घोड्याला माणसाची भीती लगेच कळते हो. कर्ज मागायला आलेल्याची आम्हाला कळायची ना, अगदी तशी." वरच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाईंनी एक उशी आणून दिली, आणि ती कुठे ठेवायची हे न सांगता डोळे खाली घालून निघून गेल्या. न्हाव्याने सांगितलं की घोड्यावर बसून गात राहावं, घोडा शांत राहतो. मास्तरांचं गाणं त्याने कधी ऐकलं नव्हतं. मेहुणा खास भेटायला आला.

"भाऊजी, एक लक्षात ठेवा. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून कधी जाऊ नये."

"मग जायचं कुठून?"

"मी तर म्हणतो जाऊच नये," मेहुणा म्हणाला, आणि चहा पिऊन गेला.

मास्तरांची सगळी भिस्त आता घोड्यांच्या सहली काढणाऱ्या कचेरीवर होती. खिडकीतली मुलगी सुरुवातीला आशादायक वाटली. ती म्हणाली, नवशिक्यांना रिंगणातला दाखला आणल्याशिवाय नाव नोंदवता येत नाही. रिंगणावर गेल्यावर कळलं की नाव नोंदवल्याशिवाय तिथे कोणाला घोड्याला हातही लावू देत नाहीत. मास्तरांना अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी असल्याच खिडक्यांपुढे घालवली होती, आणि चिकाटी असेल तर असलं प्रकरण वर्षभर खेचता येतं हे त्यांना माहीत होतं. तोंड पाडून ते म्हणाले, "नियम म्हणजे नियम. चल, घरी जाऊ."

बायको खिडकीशी गेली. "बाळ," ती म्हणाली, "तुम्ही आणि रिंगणवाले आपसात ठरवा. मी इथे बसते." आणि ती बाकावर बसली. पिशवीतून विणकाम काढलं. लोकर बरीच होती. मुलीने आधी लोकरीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि नावं लिहून घेतली.

रिंगण म्हणजे कुंपण घातलेली मोकळी जागा. तिथे रिकामी पिंपं मांडून ठेवली होती आणि त्यांच्या मधून घोडा आठच्या आकड्यात फिरवायचा होता. आठचा आकडा! मास्तरांनी गावातली अर्धी माणसं याच आकड्यातून पार करून दिली होती. आज ते स्वतः वर बसले होते आणि खाली शिकवणारी बाई उभी होती, त्यांच्या मुलीच्या वयाची.

"काका, समोर बघा! खाली काय बघताय? खाली काही पडलंय का?"

हे वाक्य मास्तरांचं होतं. शब्द न् शब्द त्यांचा. ते त्यांनी हजारदा लोकांना ऐकवलं होतं आणि ते ऐकायला कसं वाटतं हे त्यांना आज कळत होतं.

डावीकडची पिंपं त्यांनी उत्तम सांभाळली. उजवीकडचं पहिलं पिंप त्यांच्या गुडघ्याने पाडलं. दुसऱ्याचा आवाज झाला तेव्हा ते होतं हे समजलं. मास्तर घाबरले आणि घाबरल्यावर जे करायचं तेच त्यांनी केलं. उजवा पाय दाबला. टाच घोड्याच्या पोटात रुतली आणि घोडा पळाला. घोडा पळाला म्हणून मास्तरांनी आणखी जोरात ब्रेक दाबला.

"काका, टाच कशाला मारताय?"

"मी थांबवतोय!"

"घोड्याला ब्रेक नसतो, काका! लगाम ओढा, लगाम!"

बायकोचा आठचा आकडा बरा निघाला. तिला आजवर कोणी काहीच चालवायला शिकवलं नव्हतं, त्यामुळे विसरायचंही काही नव्हतं. दाखला दोघांनाही मिळाला. मास्तरांच्या दाखल्यावर एक अट होती. त्यांनी फक्त एका ठरावीक घोड्यावर बसायचं. तो वयस्कर होता, पुढच्या घोड्याच्या शेपटीमागून जाण्याखेरीज त्याला आयुष्यात काही करायचं नव्हतं, आणि सगळे त्याला पेन्शनर म्हणत. "तुमचं जमेल," शिकवणारी बाई म्हणाली. मास्तरांना ते झोंबलं, पण ते पेन्शनरकडे बघून हसले. पेन्शनर हसला नाही.

अखेर घोडामैदान जवळ आलं. बाकीच्या मंडळींनी हवा बघून ऐनवेळी नावं काढून घेतली होती, त्यामुळे निघाले तिघंच. पुढे वाटाड्या, त्याच्यामागे बायको पांढऱ्या घोडीवर, आणि तिच्यामागे पेन्शनर. आभाळ राखेच्या रंगाचं होतं, धुकं झाडांना धरून बसलं होतं, आणि गारठा कपड्यांच्या आत शिरून मुक्कामाला राहिला होता. वाटाड्या भला माणूस होता, पण गप्प बसणं त्याला ठाऊक नव्हतं. त्याचा सगळा व्यवसायच मुळी 'बघा' या शब्दावर चालत होता.

"उजवीकडे बघा! पहिलं तळं!"

पंचाईत अशी होती की ही वाट तळ्यांना वळसा घालून जात होती आणि सगळी तळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, उजव्या हाताला होती. डाव्या हाताला झाडं. मास्तरांनी पहिल्या तळ्यासाठी मान पूर्ण वळवून डावा डोळा तिकडे नेण्याचा प्रयत्न केला. मानेबरोबर खांदा वळला, खांद्याबरोबर लगाम ओढला गेला, आणि पेन्शनर आज्ञाधारकपणे वाट सोडून तळ्याच्या दिशेने चालू लागला. वाटाड्याने परत आणला. दुसऱ्या तळ्यालाही तेच झालं. त्यानंतर मास्तरांनी मान वळवणं सोडलं. वाटाड्या 'बघा' म्हणाला की ते समोर पांढऱ्या घोडीच्या शेपटीकडे बघून म्हणत, "वा!"

"किती निळं आहे ना?" बायको पुढून विचारी.

"वा! निळंशार!"

आभाळ राखेच्या रंगाचं असताना पाणी निळं कुठून असणार, हा विचार त्यांना उशिरा सुचला.

मुक्कामाला लाकडी खोल्या होत्या. मास्तर उभ्यानेच जेवले. शिकवणीच्या बाईंची उशी कशासाठी होती ते आता कळलं, पण ती घरी राहिली होती. त्याहून वाईट म्हणजे दाढीच्या डब्यात थेंबांची बाटली नव्हती. मास्तरांनी डबा उलटा केला. पिशवी उलटी केली. उरलेला डोळा त्या बाटलीवर चालला होता. एक-दोन दिवसांनी काय बिघडणार, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं आणि ते स्वतःलाच पटलं नाही. झोपेचं खोबरं झालं. सकाळी स्वेटरच्या खिशात हात घातला तर बाटली तिथेच. आपण ती कधी ठेवली हे त्यांना आठवेना. डोळ्यांपाठोपाठ डोकंही चाललं वाटतं, असं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड करून थेंब घातले.

असे दिवस गेले. ज्या जंगलासाठी एवढं रामायण घडलं त्याची एकच बाजू मास्तरांना दिसली, आणि ती सगळीकडे सारखीच होती. पुढे बायको ताठ बसलेली असायची. तिची पाठ इतका वेळ सलग त्यांनी कधी पाहिली नव्हती. ती डोकं वळवून तळी बघायची, आणि मास्तरांना वाटायचं, हे सगळं तिला मी शेजारी बसून दाखवणार होतो. मग त्यांना फार वाईट वाटायचं. वाटाड्या म्हणायचा, "बघा!" आणि मास्तर म्हणायचे, "वा!"

परतीच्या आदल्या सकाळी वाटाड्या बराच पुढे गेला होता. बायकोने एकदम घोडी थांबवली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, उजवीकडे! हरीण!"

मास्तरांनी घसा साफ केला. इतक्या दिवसांत त्यांचा हात बसला होता. नुसतं 'वा' फार झालं, आता थोडा तपशील द्यावा, असं त्यांना वाटलं.

"वा! शिंगं बघ केवढी!"

बायकोने घोडी पुढे काढली आणि नंतर बराच वेळ ती बोलली नाही. दृश्याचा परिणाम झाला असावा, असं मास्तरांनी धरून घेतलं.

दुपारी एका तळ्याशी घोडे पाण्यावर नेले होते. पेन्शनर काठाने जात असताना उजवीकडून एक ओली फांदी सपकन मास्तरांच्या गालावर बसली. ती ना दिसली होती, ना कोणी 'बघा' म्हणालं होतं. मास्तरांनी असेल नसेल तो सगळा जोर लावून ब्रेक दाबला. पेन्शनरने आयुष्यात पहिल्यांदा शेपटीमागे जाणं सोडलं आणि तो धावला. धावत पाण्यात गेला, पोटाला गार पाणी लागल्यावर त्याला बरं वाटलं असावं, म्हणून त्याने पुढचे पाय मुडपले आणि तो सावकाश आडवा झाला. मास्तर आधी तिरके झाले, मग दिसेनासे झाले.

उठून उभे राहिले तेव्हा पाणी छातीपर्यंत होतं. नाकातोंडात गेलेलं पाणी आणि गेलेली अब्रू या दोन्हींमुळे त्यांना घाई झाली होती. ते तोंड पुसून ताठ मानेने काठाकडे निघाले. फक्त काठ त्यांच्या उजवीकडे होता आणि ते सरळ चालले होते, तळ्याच्या मध्याकडे. पाणी गळ्याशी आलं.

"थांबा!" काठावरून आवाज आला. "ब्रेक! जागेवर थांबा!"

मास्तर थांबले.

"आता उजवीकडे वळा. अजून. अजून वळा, पूर्ण. हां. आता सरळ. घाई नको. पुढे बघा, पायाकडे नाही. सावकाश."

त्या आवाजात भीती होती, पण हुकूम पक्के होते. हे हुकूम ती कित्येक वर्षं खिडकीत उभी राहून ऐकत आली होती, खाली अंगणात मास्तर दुसऱ्यांना देत असताना. मास्तरांनी एकेक हुकूम पाळला आणि ते काठावर आले.

वाटाड्या पेन्शनरला बाहेर काढायला गेला. बायकोने मास्तरांच्या अंगावर घोंगडी टाकली आणि शेजारी दगडावर बसली. उजव्या बाजूला.

"हरीण नव्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"सकाळी. हरीण नव्हतं तिथे. नुसता कातळ होता." तिने नाक पुसलं. "शिंगं केवढी म्हणालात."

मास्तरांच्या दातांवर दात वाजत होते, त्यामुळे लगेच उत्तर द्यावं लागलं नाही.

"कधी कळलं तुला?"

"तिसरा कप फोडलात तेव्हा. कप काठावर होता म्हणालात. मग मी कप डाव्या हाताला ठेवायला लागले. त्यानंतर एक तरी फुटला का? आणि ते थेंब दाढीच्या डब्यात ठेवता. तो डबा पुसतं कोण घरात? निघताना टाकला असतात गाठोड्याच्या तळाशी, म्हणून मी काढून घेतली बाटली. रात्री तुमच्या स्वेटरच्या खिशात ठेवली."

"आणि तरी मागे लागलीस, मोटारीने जाऊ म्हणून? मेकॅनिक आणलास!"

"आणला. म्हटलं, आता तरी सांगाल. टायर झाला, बॅटरी झाली, आता काही उरलं नाही, आता म्हणतील की नाही जमत गं मला. तर तुम्ही घोडा काढलात!" तिचा आवाज चिरकला. "मला काय माहीत, 'दिसत नाही' एवढे दोन शब्द बोलायला नकोत म्हणून माणूस घोड्यावर बसेल?"

ती रडत होती. तिला रडताना बघण्यासाठी मान पूर्ण वळवावी लागत होती, आणि या वेळी त्यांनी ती वळवली.

"किती दिवस मी एकटीने माहीत नसल्यासारखं करायचं?" ती म्हणाली. "रात्री तुम्ही उठलात की मी श्वास धरून पडते. दाराला थडकाल म्हणून. हाकही मारता येत नाही."

"दिसत नाही," मास्तर म्हणाले. "उजव्याने काहीच नाही. डावा आहे अजून. डॉक्टर म्हणतात, राहील." मग थांबून म्हणाले, "तू कोपर धरून रस्ता ओलांडून न्यावंस, हे नको होतं मला."

"मला तरी कुठे हौस आहे?" ती डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही भराभर चालता. दम लागतो मला."

पेन्शनर समोर उभा राहून अंगावरचं पाणी झाडत होता. ते सगळं पाणी दोघांच्या अंगावर आलं.

शेवटच्या दिवशीही आभाळ उघडलं नाही. बायकोने वाटाड्याला सांगून आपली घोडी मागे घेतली आणि पेन्शनरच्या उजव्या बाजूला आणली. पुढे शेपटी नाही, म्हणून पेन्शनरला थोडा वेळ काय करावं सुचेना, पण मग तो चालू लागला. वाट जेमतेम दोन घोड्यांपुरती होती आणि तिचा गुडघा मधूनमधून मास्तरांच्या गुडघ्याला लागत होता.

"गेल्यावर मी मोटार शिकणार आहे," ती म्हणाली. "चौकात मोटार शिकवतो ना, त्या मुलाकडे."

"त्याच्याकडे? क्लच कधी सोडायचा हे त्याला स्वतःला..."

"तुम्ही मागच्या सीटवर बसा. तिथे ब्रेक नसतो."

मास्तरांच्या मनाला ते लागलं. लागायचंच. पण उत्तर देण्याआधी पुढून वाटाड्या ओरडला, "उजवीकडे बघा! शेवटचं तळं!"

'वा' मास्तरांच्या ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला. पेन्शनरच्या दोन कानांच्या मधून समोरची ओली वाट दिसत होती, तिकडेच बघत त्यांनी विचारलं, "कसं आहे?"

बायकोला वर्णन करायची सवय नव्हती. ती जरा घोटाळली. "पाणी आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "करडं आहे. धुकं आहे वर. पलीकडचा काठ दिसत नाहीये मलाही. बगळा आहे एक, पाण्यात उभा."

उतार आला. पेन्शनरचा पाय ओल्या दगडावरून जरासा घसरला. मास्तरांचा उजवा पाय रिकिबीत होता, तो तसाच सैल राहिला.

पंखांचा आवाज झाला. तो उजवीकडून आला आणि वर कुठेतरी गेला.

"उडाला?" मास्तरांनी विचारलं.

"उडाला," ती म्हणाली. "थांबा. अजून एक आहे. सांगते."